सोळा सळया

४ फेब्रुवारी

प्रिय फूटपट्टी,

गल्लीच्या तोंडाशी तू जो बाक बांधून घेतलास त्याला खरा खर्च किती आला, ते तुझ्या कागदात कुठंच नाही, म्हणून कळवतो. विटा, वाळू, सिमेंट तुझ्या ऑफिसनं दिलं, ते सोड. त्याशिवाय गेलं ते असं. शिंपी आणि चक्कीवाला यांचा अबोला, कारण बाकाचं तोंड एकाच्याच दुकानाकडे होतं. तो मिटवायला चहाच्या सतरा फेऱ्या. बाकाची पाठ दोनदा फोडली, एकदा तुझ्या नकाशाप्रमाणे झाली नाही म्हणून आणि एकदा झाली म्हणून. त्या पाठीला टेकलं की माणूस आभाळाकडे बघतो, आणि आपल्या गल्लीत आभाळ बघायला कुणी बसत नाही, जाणारा-येणारा बघायला बसतात. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख. शिवाय त्या जागी रोज सायकल लावणारे मास्तर आता माझ्याशी मान हलवण्यापुरतेच बोलतात. एवढं करून बाक वाळला आणि त्यावर सगळ्यांत आधी कोण बसलं, तर बाक नको म्हणून सही करणारी इस्त्रीवाली.

फोन असताना पत्र कशाला, असं विचारू नकोस. साइटवरची चाळीस वर्षांची सवय आहे, तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंत टिकत नाही. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ करतेस आणि नकाशात तुझंच काढतेस.

चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले आणि मधे आपलं गाव धुताना खिशात राहून गेलेल्या चिठ्ठीसारखं राहिलंय. शहराच्या नकाशात त्याच्यावरून लाल रेघ गेलीय, रुंद रस्त्याची. ती हलवायची तर आपली गल्ली जपण्याजोगी दिसली पाहिजे, वीस एप्रिलला समिती बघायला येणार, आणि तोवर तुझे ओटे, छपरं, रंगवलेल्या भिंती तयार हव्यात, इथवर मला समजलं. धुण्याच्या ओट्यावरचं छप्पर तर बायकांनाही पटलं. पण तुझ्या नकाशाचं शेवटचं पान मी काल चष्मा पुसून तीनदा वाचलं. ‘सर्व गच्च्यांवरील बाहेर आलेल्या सळया स्लॅबच्या पातळीला कापाव्यात.’

बाई, तू शिकलेली आहेस, पण हे तुला मामानंच सांगायला हवं. आपल्याकडे घर कुणी एकदम बांधलेलं नाही. हाताशी आलं तेवढं बांधलं आणि कॉलमच्या सळया वर कमरेएवढ्या मोकळ्या सोडल्या, पुढचा मजला जोडून घ्यायला. ज्या घरावर सळया आहेत तिथं अजून कुणीतरी यायचं आहे. माझ्या घरावर चार कॉलम, सोळा सळया. त्यांच्यावर माझ्या पोराचा, तुझ्या दादाचा, मजला चढणार. नोकरीपायी तो दूर गेलाय, पण पुढच्या थंडीपर्यंत येईल. मागच्या खेपेला आला तेव्हा गच्चीवर उभा राहून बराच वेळ बघत होता. मी ओळखलं, मनात मापं घेतोय.

समोरच्या टॉवरमध्ये मला कुणी फुकट खोली दिली तरी मी जायचो नाही. एकदा अकराव्या मजल्यावर पाइपाचं काम बघायला गेलो होतो. माझे कान तुला माहीत आहेत, भिंतीवर टिचकी मारून सांगतो आत वीट आहे की हवा. तिथं सगळी हवा. लिफ्ट कण्हते, खिडकीच्या फटीतून वारा शीळ घालतो. तिथं मला एक डुलकीसुद्धा लागायची नाही, आणि माझं रक्त अंगात असलेल्या कुणालाही नाही.

तेव्हा शेवटचं पान बदलून पाठव.

तुझा मामा

१२ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार आधी, भांडण मागाहून. बाकाच्या पाठीचं तुझं बरोबर आहे. पुढचा बाक आधी तुला बसवून मग काढेन.

सळया मला वाईट दिसतात म्हणून कापायला सांगत नाहीये. समिती गल्लीत उतरण्याआधी समोरच्या टॉवरच्या गच्चीवर जाणार आहे, तिथून सगळं गाव एकदम दिसतं. तू वरून कधी पाहिलंस? चार दिवस दाढी न केलेल्या माणसासारखं दिसतं. नियम असा आहे की ज्या घराच्या गच्चीवर सळया उघड्या आहेत ते अपूर्ण बांधकाम धरायचं, आणि अपूर्ण बांधकामाला जपणुकीच्या यादीत जागा नाही. फाइल एकेका घराची नाही, अख्ख्या गल्लीची आहे. एक घर अडलं की बारा घरं अडली, आणि मग रेघ आहे तिथंच राहिली.

लोक तुझं ऐकतात. तू तुझ्या घरापासून सुरुवात कर. गच्चीवर सावली होईल, बसायला कट्टा होईल, मामीला कपडे वाळत घालताना उन्हात उभं राहावं लागणार नाही.

माझी एक चित्रकार मैत्रीण पाठवतेय, महिनाभर तुमच्याकडेच राहील. ती कमी बोलते आणि जास्त बघते. तुझं उलट आहे, तेव्हा जमेल.

मामीच्या गुडघ्यांना तेल लावतोस ना?

तुझी फूटपट्टी

२० फेब्रुवारी

प्रिय फूटपट्टी,

रविवारी सगळ्यांना धुण्याच्या ओट्यापाशी बोलावलं आणि तुझा नियम वाचून दाखवला. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, नुसता वाचला. जरा सावकाश वाचला, एवढंच.

शिंप्यानं विचारलं, कापलेल्या सळया शहरवाले पुन्हा शिवून देणार का. चक्कीवाला म्हणाला की त्याच्या वडिलांनी आयुष्यात दोनच गोष्टी पूर्ण केल्या, एक चक्की आणि एक त्या सळया. मास्तरांनी नियमातल्या दोन चुका काढल्या आणि सायकलची जागा परत मागितली. मग इस्त्रीवाली उठली. तिच्या मुलाचं लग्न जमतंय, ते तुला ठाऊक आहे.

“मुलीकडचे आले तेव्हा त्यांनी माझ्या पोराकडे बघितलंसुद्धा नाही,” ती म्हणाली. “मान वर करून सळया मोजल्या आणि मग चहाला हात लावला. आता त्याच कापल्या तर मी त्यांना दाखवू काय, पोरगा?”

सगळे हसले. ती हसली नाही. तेव्हा गल्लीचा निकाल असा की कुणीही तयार नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही.

तुझी रंगारीण आली. दोन पिशव्या घेऊन आली आणि आज आठवा दिवस, रंगाचा एक डबा उघडलेला नाही. सकाळपासून गच्चीवर बसते. गल्लीत बोलतात की शहरानं बाईला झोप काढायला पाठवलंय. पण काल तिची वही बघितली. तिनं प्रत्येक घराच्या सळया वेगळ्या काढल्यात. शिंप्याच्या सळयांवर मापाचे कागद टोचलेले, इस्त्रीवालीच्या सळयांना दोरी बांधलेली, चक्कीवाल्याच्या सळयांवर गंज लागू नये म्हणून उपड्या घातलेल्या बाटल्या. माझ्या सोळाही सरळ काढल्यात. बाईला नजर आहे.

आता एक विचारतो. तू दर पत्रात ‘दादाला सांग’, ‘दादाला विचार’ असं काहीतरी लिहितेस. या खेपेला त्याच्या मजल्यावर मी एवढं लिहिलं आणि तुझ्या पत्रात त्याचं नाव एकदाही नाही. बरंय ना सगळं?

तुझा मामा

२ मार्च

मामा,

दादाचं लिहायचं राहून गेलं. तो बरा आहे.

तुझ्या सभेचा अहवाल ऑफिसात वाचून दाखवला. आम्ही तिघंच आहोत इथं. तारीख पुढं ढकलायला पालिकेत दोनदा जाऊन आले. साहेब म्हणाले, “लोकांना घरं हवीत की सळया, ते एकदा ठरवा.” ही गल्ली गेली तर आमचं ऑफिसही फार दिवस चालणार नाही, पण ते तू मनावर घेऊ नकोस.

कापायच्या नसतील तर झाकता येतील का? आणि पुढं कधी हव्या असल्या तर मोकळ्या करता येतील असं काही? मी तीन रेखाटनं केली, तिन्ही वाईट, गच्चीवर कुणीतरी पेट्या विसरून गेल्यासारखी. गवंडी तू आहेस, मी नाही. लवकर कळव.

फूटपट्टी

१७ मार्च

प्रिय फूटपट्टी,

हे तुझ्या पुस्तकात नसणार. गवंड्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. मजला थांबला की सळयांभोवती फळ्यांचा साचा लावायचा आणि हलका माल ओतायचा, वाळू आणि खडी पोटभर, सिमेंट नावापुरतं. सळयांना हवा लागत नाही. पुढचा मजला चढवायचा त्या दिवशी हातोड्याच्या चार ठोक्यांत सगळं उतरतं आणि आत सळया जशाच्या तशा. म्हणजे प्रत्येक गच्चीला कमरेएवढे चार खांब मिळाले. रंगारणीनं त्यांना पाइप जोडून वर वेताच्या चटयांचं छप्पर काढलं, खाली खांबाखांबांत फळी टाकली, झाला बसायचा कट्टा. नकाशा तिनं तुला पाठवलाय म्हणे.

हे सांगितल्यावर जी गल्ली ऐकत नव्हती ती आता थांबत नाही. चौदा दिवसांत अकरा घरं झाली. शिंपी स्वतः घमेली उचलतो. मास्तर खांबांना ओळंबा लावून बघतात आणि मला, ज्याचं नावच या गल्लीत ओळंबा आहे, त्याला वाकडा म्हणतात.

रंगारीण आता बोलायला लागलीय, पण एकच प्रश्न विचारते. वरची खोली होईल तेव्हा तिच्यात काय असेल? आणि सांगाल ते जिन्याच्या वरच्या भिंतीवर काढते, खऱ्या मापात. शिंप्यानं खिडकी मागितली, सुईत दोरा ओवताना डोळे ताणायला लागू नयेत अशी मोठी. चक्कीवाल्यानं काहीच नको म्हटलं, नुसती शांत निळी भिंत. इस्त्रीवालीनं दार काढून घेतलं आणि दाराला आतून कडी. म्हणाली, सून आली की तिला कडी लावता आली पाहिजे, मला नाही मिळाली. लोक संध्याकाळी एकमेकांच्या गच्चीवर नसलेल्या खोल्या बघायला जातात.

आपल्या घरी तिनं तुझ्या मामीला विचारलं. मी जिन्यात होतो. मामीनं हातातला कपडा दोरीवर टाकला. मग म्हणाली, “खोली काढू नका. मला बसायला जागा करा.”

मी तिथूनच खाली आलो. त्या दिवसापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. वर जातो, खाली येतो, वर कशाला गेलो होतो ते खाली आल्यावर आठवत नाही. मुलाचा पलंग जिथं यायचा तिथं आई स्वतःला बसायला जागा मागते, याचा अर्थ मला लागत नाही, किंवा लागतो. बाराव्या घराच्या, म्हणजे माझ्या, सळया अजून उघड्या आहेत. साचा तयार आहे, वाळू चाळलेली आहे, हात जात नाही.

तुला काय माहीत आहे ते कळव. लेखी.

मामा

२४ मार्च

मामा,

दादा जानेवारीत माझ्याकडे आला होता. त्यानं फ्लॅट घेतलाय. बदली मागून तो परत येतोय, पण तुझ्या वरच्या मजल्यावर राहायला नाही. फ्लॅट कुठं आहे ते त्यालाच सांगू दे. तू त्याच्या तोंडून ऐकायच्या आधी मी कुणाला सांगायचं नाही, असं त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं, ते मी आज मोडतेय.

तू लिहिलंस की तो गच्चीवर मापं घेत होता. तो तुला हेच सांगायला वर आला होता. तू त्याला त्याचं स्वयंपाकघर कुठं येईल ते दाखवायला लागलास, सिंकचा उतार कुठल्या बाजूला ते सांगितलंस, आणि तो खाली उतरला.

कारण तुझा जिना आहे, मामा. तीन फुटांत बसवलेला, दहा इंच उंच पायऱ्यांचा. पाहुणा आला की तू तो दाखवतोस. वहिनी गेल्या खेपेला वरून कपडे आणायला गेली आणि एकेका पायरीवर बसत बसत उतरली. तिला आता दिवस गेलेत. ती मामीशी बोलली. मामी तुझ्याशी बोलली नाही, कारण त्या जिन्याबद्दल तुझ्याशी कुणीच बोलत नाही.

आणखी एक. सळया कापा हे मी नियमामुळे लिहिलं. पण तुझ्या घरापासून सुरुवात कर, हे नियमात नव्हतं. मजला चढणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून लिहिलं. त्याबद्दल तू मला काय हवं ते म्हण.

फूटपट्टी

६ एप्रिल

बाळ,

तुझे मामा लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. काळजी करू नकोस, जेवतात. बोलत मात्र नाहीत. तुझं पत्र त्यांनी माझ्यासमोर उशाशी ठेवलं आणि विचारलं, “तुला कधीपासून माहीत?” मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून जिना मोजतात. टेप लावतात, तळहातावर आकडा लिहितात, हात धुतात, पुन्हा मोजतात. परवा मला एकेका पायरीवर उभं केलं आणि कुठं दुखतं ते विचारलं. मी म्हटलं, चौतीस वर्षांनी विचारताय, आता सगळीकडेच दुखतं. हसले नाहीत.

सळया तशाच आहेत. चौदा दिवस राहिले. लोक दाराशी येतात, पाणी पितात, जातात. इस्त्रीवालीनं मात्र काल तोंडावर विचारलं, “ओळंबा, तुमच्या एका घरापायी आमची गल्ली जाणार का?” यांनी दार लावून घेतलं. मी इतक्या वर्षांत या घराचं दार दिवसा लावलेलं पाहिलं नव्हतं.

दादाचा फोन येतो. हे उचलत नाहीत, पण रिंग वाजायची थांबेपर्यंत फोनजवळ उभे राहतात.

तू येऊ नकोस. आलीस तर यांना भांडायला कुणीतरी मिळेल आणि काम राहून जाईल.

मामी

२४ एप्रिल

प्रिय फूटपट्टी,

रेघ हलली. कागद तुला येईलच, मी माझ्या क्रमानं सांगतो.

नऊ तारखेला पहाटे मला कळलं की साचा माझ्याच्यानं लागत का नाही. हलका माल पुढं कुणीतरी फोडावा म्हणून ओततात. माझ्या घरावर तो फोडायला येणार कोण? तेव्हा मी करवत घेऊन वर गेलो. पहिली सळई अर्धी झाली असेल, आवाजानं सगळी गल्ली जिन्यात. इस्त्रीवालीनं माझं मनगट धरलं. म्हणाली, “अहो, मी झाकायला सांगितलं, कापायला नाही. आमच्या राहिल्या आणि तुमच्या का?”

मी सांगितलं, “पोरानं दुसरीकडे घर घेतलंय.” बाहेर कुणाला हे मी पहिल्यांदाच सांगत होतो. सांगून झाल्यावर वाटलं तेवढं मोठं वाक्य नव्हतं ते. तिनं मनगट सोडलं. शिंप्यानं पुढं होऊन सळईचं वरचं टोक धरलं, पातं अडकू नये म्हणून. सोळा सळयांना दुपार झाली. पाच गंजानं आतून खाल्लेल्या निघाल्या, आणि माझे कान रोज त्यांच्या शेजारी उभे असायचे. चक्कीवाल्यानं ते तुकडे तारेनं बांधून कोपऱ्यात ठेवले, कशाला ते त्यालाही माहीत नाही.

मग जिना. तीन फुटांत सात इंचाची पायरी बसत नाही, दहा दिवस मी तेच मोजत होतो. शेवटी पुढच्या खोलीतले चार फूट काढून दिले. खोली आता बोळासारखी झालीय, माझी खुर्ची दारात येते. मास्तरांनी उतार तपासला, शिंप्यानं आणि इस्त्रीवालीच्या मुलानं माल वाहिला, एकोणीसला संध्याकाळी शेवटची पायरी झाली. दुसऱ्या दिवशी गच्चीवर विटांवर फळी टाकली, वर चटई ताणली आणि मामीला वर नेलं. ती भिंतीला हात न लावता चढली, वर बसली, आणि उतरायचं नावच घेईना. रंगारणीनं आमच्या भिंतीवर काही काढलेलं नाही. तिथं सावली आहे आणि मामी आहे.

समितीचे पाच जण. आधी टॉवरवरून बघितलं, मग खाली आले. अकरा घरांच्या गच्च्या फिरले. एकानं शिंप्याच्या खिडकीला हात लावून बघितला आणि उघडते का विचारलं. शिंपी म्हणाला, पुढच्या वर्षी. आमच्या गच्चीवर आले तेव्हा बाईसाहेबांनी इथं पुढं काय होणार ते विचारलं. मी म्हटलं, “काही नाही. झालंय.” त्यांनी तसं लिहून घेतलं.

शनिवारी दादा आणि सूनबाई आले. दादा दारातूनच काहीतरी म्हणायला लागला, पाठ करून आला असावा. मी म्हटलं, आधी जिना चढ. सूनबाई त्याच्या पुढं चढली, चालत उतरली, आणि माझ्याकडे न बघता मामीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दादाचं पाठांतर तिथंच राहिलं. तुला मी काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. जे आधी माहीत असतं ते आधी सांगत जा, एवढं लिहून ठेव.

संध्याकाळी त्यांनी घर बघायला नेलं. मला वाटलं रिक्षा करावी लागेल, पण आम्ही चालत गेलो. समोरचाच टॉवर, नववा मजला. आपली गल्ली दिसावी म्हणून ती बाजू घेतली, असं तो म्हणाला, आणि दिसते. मामीची फळी मी वरून ओळखली. सूनबाईनं राहायचा आग्रह केला, म्हणून राहिलो.

रविवारी सकाळी सव्वानऊला मला हलवून उठवावं लागलं.

तुझा मामा